सुरतेची राखण टेक्सासने करावयाची काय?

हिऱ्याची पुडी केवळ शब्दावर आंगडियाच्या हाती सोपविणारे शहर म्हणून सुरतेचा लौकिक आहे. त्याच सुरतेच्या सतीश कुंभानी या गृहस्थाच्या ‘बिटकनेक्ट’ने जगभरच्या लोकांना सुमारे २४० कोटी डॉलरना नाडले, असा आरोप अमेरिकन सरकारने २०२२ च्या आरोपपत्रात ठेवला. आमिष कोणते? महिना चाळीस टक्क्यांपर्यंत परतावा! पठाणानेही लाजून मान खाली घालावी असा हा दर. पण तो संगणकाच्या पडद्यावर झळकला, आणि शहाणीसुरती माणसे बिटकॉइन घेऊन रांगेत उभी राहिली.

हा डोलारा पाडला कोणी? ४ जानेवारी २०१८ रोजी टेक्सासच्या रोखे मंडळाने आणि ९ जानेवारीस नॉर्थ कॅरोलायनाने विक्री थांबविण्याचे हुकूम काढले. १६ जानेवारीस बिटकनेक्टने याच हुकमांकडे बोट दाखवून दुकान आवरले. हे हुकूम वॉशिंग्टनचे नव्हेत, घटकराज्यांचे होत. राज्य कोणते आणि ते कोणासाठी जागे असते, यावर माणसाचे किती अवलंबून असते हे सीमेवरच्या वाचकास आम्ही सांगावयास नको.

आणि गुजरात? तेथे गुन्हे नोंदले गेले ते लोक बुडाल्यावर. सक्तवसुली संचालनालयाने १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले ते फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी! मधल्या काळात राज्याचे पोलीस काय करीत होते? सुरतेच्या एका बांधकाम व्यावसायिकाचे २०१८ साली अपहरण करून त्याच्याकडून बिटकॉइन उकळल्याबद्दल ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने १४ जणांना जन्मठेप दिली. त्यांत अमरेलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक आणि एक माजी आमदारही आहेत. कुंपणच शेत खाते ते असे.

चलन व बँका हे केंद्राचे विषय, ही सबब आता पुरे झाली. केंद्राने २०२२ साली या व्यवहारांतील नफ्यावर तीस टक्के कर बसविला. कर घेतला, संरक्षण मात्र दिले नाही. उलट ठेवीदारांच्या रक्षणाचा कायदा करण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या प्रकरणात २०११ सालीच मान्य केला आहे. महाराष्ट्राचा असा कायदा १९९९ चा, गुजरातचा २००३ चा. परंतु त्यांचा सारा भर ठेव बुडाल्यानंतरच्या जप्तीवर! घर जळाल्यावर राखेचा पंचनामा करून काय उपयोग?

उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर खानदेशातून गेलेला आपला माणूस राबतो. भिशीतून उरलेले त्याचे चार पैसे आज मोबाइलमधून एका बोटासरशी परदेशी जातात. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. निश्चित परताव्याचे वचन देऊन इलेक्ट्रॉनिक मत्ता गोळा करणाऱ्या प्रत्येकाने आधी राज्याकडे नोंदणी करावी, आणि ती नसेल तर त्याची जाहिरात व वसुली त्याच दिवशी रोखण्याचा अधिकार एका नेमलेल्या अधिकाऱ्यास असावा. असे विधेयक गांधीनगरच्या विधानसभेत कोण मांडतो ते आम्ही पाहत आहोत. मुंबईच्या आमदारांनाही हाच प्रश्न आहे.