हळहळ आणि इंग्रजी क्रियापदे



सांगलीच्या पेठेतील एका स्नेह्यांचा नातू गेल्या आठवड्यात नोकरीच्या मुलाखतीसाठी लिहिलेला इंग्रजी मजकूर घेऊन आला. विषय होता ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर. त्यातील एक वाक्य असे : ‘आय विश वुई मूव्ह द स्टॉक अपस्टेअर्स.’ त्याला म्हणावयाचे होते, ‘माल वरच्या मजल्यावर हलविला असता तर बरे झाले असते.’

मराठीत हे काम ‘असता’ हे संकेतार्थी रूप करते. इंग्रजीत ‘विश’नंतरचे क्रियापद एक पायरी मागे न्यावे लागते. आजच्या स्थितीबद्दलची अपुरी इच्छा साध्या भूतकाळात मांडावी : ‘आय विश आय हॅड मोअर कॅपिटल.’ येथे ‘हॅड’ असले, तरी भांडवलाची उणीव आजचीच आहे. गतगोष्टीची हळहळ आणखी एक पायरी मागे, म्हणजे पूर्ण भूतकाळात जाते : ‘आय विश वुई हॅड मूव्ह्ड द स्टॉक.’ दुसऱ्याने वागणूक बदलावी अशी अपेक्षा असेल, तर ‘वुड’ योजावे : ‘आय विश ही वुड पे ऑन टाइम.’ मात्र जे घडणे शक्य आहे, तेथे ‘विश’ नको, ‘होप’ हवे : ‘आय होप द गुड्स अराइव्ह टुमारो.’

नातवाने वाक्य सुधारले व विचारले, “आजोबा, मग ‘रिग्रेट’चे काय?”

या शब्दाशी माझा जुना परिचय. ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ अशी पत्रे मी सेवाकाळात पुष्कळ लिहिली. ‘रिग्रेट टु’ म्हणजे जे आता कळवीत आहोत, त्याबद्दल खेद. ‘रिग्रेट’पुढे ‘आयएनजी’चे रूप आले, तर पूर्वी केलेल्या कृतीचा पश्चात्ताप : ‘आय रिग्रेट सेंडिंग दॅट लेटर.’

असे एक पत्र माझेही आहे. सातारा जिल्ह्यातील एका शाखेत असताना एका किराणा दुकानदाराचा कर्जाचा अर्ज कागद अपुरे म्हणून मी परत केला. पत्र इंग्रजीत, नियमाप्रमाणे बिनचूक. त्यास इंग्रजी येत नव्हते. कर्ज कायमचे नाकारले असे समजून तो पुन्हा आलाच नाही. उणीव एका दाखल्याची होती. पुढे दुकान बंद झाल्याचे कानी आले.

नातवाला मी पूर्ण भूतकाळाचे दुसरे उदाहरण हेच लिहून दिले : ‘आय विश आय हॅड एक्सप्लेन्ड इट टु हिम इन मराठी.’

आपल्या पेढीवरून इंग्रजी पत्र जाईल, तेव्हा क्रियापद तपासावेच. पण वाचणाऱ्यास ते उमगेल की नाही, हेही पाहावे. शंका वाटल्यास खाली मराठीत दोन ओळी लिहाव्यात.

पुढील अंकी ‘इफ’ने सुरू होणाऱ्या वाक्यांचा विचार करू.