कंदील, करंज्या आणि कॉपी-पेस्ट

कागदाचा एक गोल घ्या. त्यात तिन्ही टोकं गोलाला टेकतील असा समभुज त्रिकोण आखा. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर घडी घालून उरलेला भाग वर उचला. तीन पाकळ्या उभ्या राहतात. असे २० गोल करून पाकळीला पाकळी चिकटवत गेलात की एक गोलसर कंदील तयार होतो. उचललेली प्रत्येक पाकळी करंजीसारखी दिसते, म्हणून आमच्या शेजारच्या काकू त्याला करंज्यांचा कंदील म्हणतात. (याच नावाचे इतर प्रकारही आहेत. हा काकूंचा.)

आजचं लिखाण या कंदिलाबद्दल आहे आणि मी केलेल्या एका गाढवपणाबद्दल आहे. गाढवपणा करताना मात्र मला आपण फार थोर काम करतोय असं वाटत होतं!

आधी थोडी पार्श्वभूमी. पळस्पे फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुढे आलं की कोन लागतं. इथल्या २४१७ घरांसाठी डिसेंबर २०१६ मधे गिरणी कामगारांची सोडत निघाली. माझे आजोबा गिरणीत होते आणि काकूंचे सासरेही. त्यामुळे लालबागच्या चाळीत जे शेजारी होते त्यातले काही बऱ्याच वर्षांनी परत इथे शेजारी झाले. चाळीतून येताना लोकांनी भांडी आणली, देव आणले. काकूंनी या सगळ्याबरोबर जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा आणला, कारण लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो आणि त्याची घडी मोडत नाही.

हा कंदील काकूंना त्यांच्या सासूबाईंनी शिकवला. सासूबाई तो शिकल्या चाळीतल्या खालच्या मजल्यावरच्या एका मावशींकडून, १९८२ च्या संपात. जानेवारीत संप सुरू झाला, पगार बंद झाले आणि दिवाळीपर्यंत घरातलं विकण्यासारखं सगळं विकून झालं होतं. त्या दिवाळीत दोघींनी मिळून कंदील केले आणि दादरला एका विक्रेत्याला दिले. सासूबाईंचं एक वाक्य काकू अजून सांगतात. "त्या वर्षी आमच्या घरात कंदील लागला नाही, पण कंदिलावर घर लागलं."

तर असा हा कंदील.

मागच्या वर्षी पावसाळ्यात काकूंना कंदील करताना पाहिलं आणि माझ्यातला इंजिनियर जागा झाला. काकू स्टीलच्या डब्याचं झाकण ठेवून गोल आखायच्या. संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ दाबून घ्यायच्या. कागद आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायच्या, कारण कागदाला लाकडासारखे धागे असतात, धाग्याच्या दिशेने घडी सरळ बसते आणि आडवी घातली तर फुटते. प्रत्येक त्रिकोणाच्या पोटात एक खिडकी कापून आतून पतंगी कागद. मग जुळणी: पाचाची एक टोपी वर, पाचाची एक खाली, आणि मधे दहाचा पट्टा, एक त्रिकोण सुलटा, एक उलटा. वरच्या टोपीच्या दोन शिवणी मोकळ्या ठेवायच्या, तिथून एलईडीचा बल्ब आत सोडायचा.

काकूंचा हिशोब "पाच, पाच आणि दहा" एवढाच. मी मोजलं तर २० पृष्ठं, ३० कडा, १२ कोपरे. कोपऱ्यांतून कडा वजा करून पृष्ठं मिळवली तर उत्तर २ येतं. ऑयलरचं सूत्र! गणिताच्या भाषेत हा आयकोसाहेड्रन. मी मोठ्या उत्साहाने काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. आता ते चिमटे दे इकडे." :)

असो. झाकण बरोबर १० सेंटिमीटर व्यासाचं होतं. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर. म्हणजे आडवे दोन गोल बसतात आणि उभा तिसरा फक्त ३ मिलिमीटरने हुकतो. एका कागदात चारच गोल. मी त्रिज्या एक मिलिमीटरने कमी केली, ४.९ सेंटिमीटर. झालं! एका कागदात सहा गोल बसले. तीन कंदिलांना १५ कागद लागायचे तिथे १० पुरले, आणि कंदिलाचा व्यास पाकळ्या सोडून १६ सेंटिमीटरच्या आसपास राहिला, म्हणजे डोळ्यांना फरकही कळत नाही. काकू दोन मिनिटं कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे इतकी वर्षं कसं नाही सुचलं रे?"

सांगायला लाज वाटते, पण त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात हवा गेली.

मी इंकस्केपमधे टेम्प्लेट काढलं. घड्यांच्या तुटक रेघा, खिडक्या, जुळणीचे नंबर, सगळं. पीडीएफ केली, कटिंग मशिनवाल्यांसाठी एसव्हीजी केली आणि सप्टेंबरमधे इंटरनेटवर टाकून दिली. फुकट. खाली माझं नाव. रोजच्या कामात मी जे वापरतो त्यातलं निम्मं-अधिक कोणीतरी फुकट दिलेलं आहे, मग आपणही काहीतरी परत द्यावं, इतका साधा विचार. काकूंना विचारावं असं डोक्यातही आलं नाही. त्यांचं नाव टाकावं असंही नाही.

दिवाळीच्या दोन आठवडे आधी पनवेलच्या बाजारात एका दुकानात "घरी बनवा कंदील" असं पाकीट दिसलं. आत कापलेले २० गोल, पतंगी कागद, दोरा. किंमत १२० रुपये. मी पाकीट उलटं केलं. मागच्या सूचनेत "इथे घडि घाला" असं छापलं होतं. घडि, ऱ्हस्व! ती माझीच चूक. माझ्या फाईलमधली शुद्धलेखनाची चूक जशीच्या तशी छापून बाजारात आली होती.

काकूंचा तयार कंदील १५० रुपयांना. आदल्या वर्षी त्यांनी चाळीसेक विकले होते. त्या वर्षी अकरा. यातला किती दोष पाकिटाचा आणि किती बाकी कशाचा, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण आमच्याच बिल्डिंगमधल्या तीन गॅलऱ्यांत तो पाकिटातला कंदील लागलेला मी मोजला, आणि ती तिन्ही घरं आदल्या वर्षी काकूंची गिऱ्हाइकं होती.

आता मुद्द्यावर येतो. या प्रकारावर मित्रांशी बोललो तेव्हा दोन मतं मिळाली. पहिलं: "दुकानदारावर केस कर." दुसरं: "त्यात काय एवढं? पारंपरिक गोष्ट आहे, कोणाच्या बापाची थोडीच?" मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्याबद्दल. कागदाच्या घड्यांवरून लोक कोर्टात गेलेले आहेत. रॉबर्ट लँग हा लेझरवर काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ पुढे पूर्णवेळ ओरिगामीत आला. त्याने आणि आणखी पाच ओरिगामी कलाकारांनी २०११ मधे सारा मॉरिस या चित्रकर्तीवर दावा लावला, कारण त्यांचे घड्यांचे आराखडे तिने न विचारता रंगवून चित्रं म्हणून मांडले होते. २०१३ मधे ते कोर्टाबाहेर मिटलं. पण ते नवे, स्वतः रचलेले आराखडे होते. वीस गोलांचा चेंडू कोणाचाच नाही. नाताळच्या जुन्या भेटकार्डांपासून असाच चेंडू परदेशातही घरोघरी करतात. काकूंच्या सासूबाईंनीही तो शोधला नव्हता. आणि मी फाईलवर कितीही लायसन्स चिकटवलं असतं तरी बाजारातल्या पाकिटावर ते कोण वाचणार होतं?

दुसरं मत जास्त धोक्याचं, कारण ते अर्धं खरं आहे. कागदाच्या घड्या वाटून घ्यायच्याच असतात. मद्रासमधे टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं आणि ते जगभर गेलं. आपल्या पुण्यात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायची कृती वर्षानुवर्षं सगळ्यांना फुकट दिली. त्यांना २०१८ मधे पद्मश्री मिळाली. मी त्यांचा भक्त आहे. पण नीट बघा, त्यांनी दिलं ते स्वतःच्या हातातलं दिलं. द्यायचं की नाही, कधी द्यायचं, हे त्यांनी ठरवलं. मी काकूंच्या हातातलं उचलून दिलं आणि दानशूर म्हणून माझं नाव लावलं. माझं त्यात काय होतं? एक मिलिमीटर.

चाळीतही कंदील उघडाच होता की! मावशींनी सासूबाईंना शिकवला, सासूबाईंनी काकूंना. पण तिथे शिकणाऱ्याला शेजारी येऊन बसावं लागायचं, हाताला खळ लागायची, आणि शिकवणारीला समोर दिसायचं की ही शिकून काय करणार आहे. दोघींनी एकाच दारावर माल टाकायचा नाही, हे न बोलता ठरायचं. फाईलला यातलं काही कळत नाही. ती कोणाच्याही हातात, कुठल्याही आठवड्यात पडते.

यात पैशांचाही भाग आहे. मार्च २०१८ मधे राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखरं, कंदील, सजावट यांत कागद-पुठ्ठ्याचा भाव वधारला आहे. पण कागदाचा भाव वधारला म्हणून हाताचा वधारला असं नाही. काकूंच्या दारात गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "कागदच तर आहे!" मी घड्याळ लावून बसलो. २० गोल, ६० घड्या, २० खिडक्या, ३० शिवणी. काकूंना दीड तास, मला चार. कागद, गोंद, दोरा मिळून चाळीस रुपये. म्हणजे काकूंना तासाला सत्तर-पंचाहत्तर रुपये सुटतात. याच हिशोबाने मला पगार मिळाला तर मी त्याच दिवशी राजीनामा टाकीन, आणि तरी मागच्या वर्षी ऑफिसच्या टीमसाठी फराळाचे कागदी डबे घेताना मीच म्हणालो होतो, "काकू, जरा कमी करा ना, तीस घेतोय!"

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. खालच्या मजल्यावरच्या एका मुलाने ते पाकिटातलं सामान घेऊन स्वतः कंदील केला. वाकडा झाला, दोन शिवणी उसवल्या, पण तो रात्रभर गॅलरीत उभा राहून बघत होता. माझी फाईल नसती तर हे झालं नसतं. म्हणून "सगळं बंद करा, कोणाला काही दाखवू नका" हे माझं म्हणणं अजिबात नाही.

पाकीट मिळालं त्या संध्याकाळी मी ते घेऊन काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी पाकिटातला एक गोल बोटांनी वाकवून बघितला. "आडवा कापलाय. पाकळ्या फुटणार," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "अरे, कंदील काय माझा एकटीचा? पण तू विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, दिवाळी झाल्यावर टाक."

बस्. तीन वर्षं ओपन सोर्सवर तावातावाने वाद घालणाऱ्या मला एवढं सुचलं नव्हतं. काकूंना मालकी नको होती. त्यांना एक मोसम हवा होता. वर्षातून सहा आठवडे त्यांच्या हातांना भाव मिळतो, तेवढे सोडून बाकी वर्षभर फाईल जगाची. इतकी सोपी, इतकी शहाणी अट मी वाचलेल्या एकाही लायसन्समधे नाही.

तेव्हा माझं मत असं झालंय: दुसऱ्याच्या हातची कला इंटरनेटवर टाकण्याआधी तीन गोष्टी करा. विचारा. नाव लिहा, तुम्ही शिकलात त्याचं आधी आणि तुमचं नंतर. आणि कधी टाकू हेही विचारा, कारण ज्याचं पोट मोसमावर आहे त्याच्यासाठी तारीख हीच किंमत असते. परंपरा सगळ्यांची असते हे खरं, पण ती जिवंत ठेवणारे हात कोणा एकाचे असतात आणि त्यांना महिन्याचं लाइटबिल येतं.

मी जुनी फाईल काढून टाकली. जी गेली ती गेलीच, ती परत येत नाही. नवी फाईल तुळशीचं लग्न झाल्यावर, कंदील उतरले की टाकायची असं ठरलंय. वर काकूंचं नाव, त्याखाली त्यांच्या सासूबाईंचं. मावशींचं नाव काकूंना आठवत नाही, म्हणून "खालच्या मजल्यावरच्या मावशी" एवढंच. शेवटी माझं, "एक मिलिमीटर" असं पुढे लिहून.

तोपर्यंत ज्यांना शिकायचंय त्यांनी शनिवारी दुपारी काकूंकडे यावं. शंभर रुपये, कागद तुमचा. आणि हो, "घडी" दीर्घ केली आहे.