चितळकरांचा आवाज आणि चौथे नाव

गणपतीला चाकरमानी मंडणगड तालुक्यातील वाड्यांवर उतरले, की जाखडीचे फेर रंगू लागतात आणि त्यांत हमखास एखादी चाल सिनेमाची निघते. त्यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. परंतु उसनवारी हाच दोष धरायचा, तर आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम सी. रामचंद्रांना उभे करावे लागेल. 'समाधी' (१९५०) मधील त्यांच्या गाजलेल्या द्वंद्वगीताची चाल एडमंडो रॉस यांच्या परदेशी वाद्यवृंदाकडून आलेली होती.

हे गृहस्थ मूळचे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८ चा, पुणतांब्याचा. शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांकडे. ग्वाल्हेर गायकीच्या या विद्यार्थ्याने हिंदी चित्रपटात जाझचा ठेका आणावा, आणि तो स्वतःच्या गळ्यातून गावा, ही गंमतच म्हणायची! संगीतकार म्हणून ते सी. रामचंद्र, गाताना नुसते चितळकर. 'शहनाई' (१९४७), 'पतंगा' (१९४९) आणि भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) यांत हा आवाज आहे. पाश्चात्त्य परिभाषेतील 'बॅरिटोन' तो नव्हे. तेवढा खर्ज त्यात नाही. पण बोलता बोलता गाण्यात शिरण्याची जाझ गायकाची ढब त्यांना अचूक साधली होती. तेच चितळकर 'आझाद' (१९५५) मध्ये इतके मुलायम गायले, की ऐकणाऱ्याला तलत महमूद वाटावेत.

तथापि ही किमया एकट्याची नव्हती. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि जाझचे वेड शहरात पसरले. ते उचलले प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेली ही माणसे रात्री हॉटेलात आणि दिवसा ध्वनिमुद्रणालयात वाजवीत. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट (१९१६–१९६७), ट्रंपेट घेऊन 'अलबेला'च्या पडद्यावरही दिसतात. बाकीचे बहुतेक अदृश्यच राहिले. संगीतकाराने चाल गुणगुणावी, गोमंतकीय सहायकाने ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याला तिचा वाटा नेमून द्यावा, असा तो व्यवहार होता. तबकडीवर मात्र सहायकाला जागा नसे.

आकाशवाणीवर आजही गीतकार, संगीतकार, गायक अशी तीन नावे सांगितली जातात. चौथे सांगायचे, तर आधी ते कोठे तरी नोंदलेले हवे. चितळकर १९८२ मध्ये गेले, त्यांच्या साथीला बसलेलेही एकेक करून गेले. घराघरांतील वह्या, करारपत्रे, छायाचित्रे गोळा करून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि गोव्यातील संस्थांनी वादकांची यादी करावयास घ्यावी. वाळवीला या कागदांचे मोल कळत नाही आणि कोकणगोव्याच्या पावसात तिला सवडही भरपूर असते.