पाऊस वरच्या अंगाला

रोज सकाळी साडेआठला मी गच्चीवर जाऊन पर्जन्यमापकातलं पाणी मोजतो. साडेआठ ही हवामान खात्याचीच वेळ. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जो पडला, तो चोवीस तासांतला पाऊस. मापकात एक मिलिमीटर भरला म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पडलं. माप इतकं सोपं आहे की बाहेरच्या देशातला एखादा मोठा आकडा वाचला की मी तो आधी बादल्यांत करून बघतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनमध्ये, वालेन्सिया प्रांतातल्या तुरीस गावी, एका तासात १८४.६ मिलिमीटर पाऊस झाला. मीटरभर लांब, मीटरभर रुंद जागा, आणि तिच्यावर तासाभरात पंधरा लिटरच्या बारा बादल्या. डोंगरउतारावर अशा किती जागा असतील, ते धरायला मन पुरत नाही. तासाभरात एवढा पाऊस स्पेनमध्ये त्याआधी कधीच नोंदला गेला नव्हता. जवळच्या चीवा गावी आठ तासांत ४९१ मिलिमीटर पडला. तिकडे जवळपास वर्षभरात पडतो तेवढा.

पण सगळ्यात जास्त माणसं गेली ती पायपोर्तात. वालेन्सिया शहराच्या दक्षिणेला लागून असलेलं हे गाव. तिथे त्या संध्याकाळी पाऊस जवळजवळ नव्हताच. माणसं नेहमीसारखी रस्त्यावर होती. गावाच्या मधोमध पोयो नावाचा ओढा जातो, आपल्याकडच्या ओढ्यांसारखाच, वर्षातले बहुतेक दिवस कोरडा. वरच्या अंगाला पडलेलं सगळं पाणी घेऊन तो खाली आला. ६ वाजून ५५ मिनिटांनी ओढ्यावरच्या यंत्राने सेकंदाला २,२८२ घनमीटर प्रवाह नोंदवला. त्यानंतरची नोंद नाही, कारण यंत्रच वाहून गेलं. तळमजल्यावर राहणारे म्हातारे, तळघरातली गाडी वर काढायला उतरलेली माणसं, गाडीतच अडकलेली माणसं. मृतांचा आकडा सव्वादोनशेच्या पुढे गेला.

असा पाऊस तिथे कसा होतो, ते थोडक्यात सांगतो. शरद ऋतूत उंचावरच्या थंड हवेचा एक मोठा तुकडा पश्चिमेकडून येणाऱ्या मुख्य प्रवाहापासून तुटतो आणि भूमध्य समुद्राजवळ रेंगाळतो. खालून समुद्राची उबदार, ओलसर हवा वर ओढली जाते आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांवर कोसळते. तिथले लोक याला पूर्वी 'थंड थेंब' म्हणत, आता 'दाना' म्हणतात. दाना त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. बदलला आहे तो समुद्र. त्या वर्षी ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्राचं पृष्ठभागाचं तापमान विक्रमी होतं. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ साल हे औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं. ओळखीचाच पाऊस, पण ढगात भरणा जास्त.

मला मात्र या प्रकरणात आकाशापेक्षा घड्याळ अधिक अस्वस्थ करतं. स्पेनच्या हवामान संस्थेने त्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास लाल इशारा दिला होता. वालेन्सिया विद्यापीठाने तर आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीचे वर्ग रद्द केले होते. म्हणजे अंदाज चुकला नव्हता, आणि ज्यांनी तो मनावर घेतला त्यांना वेळही मिळाला होता. लोकांच्या मोबाइलवर कर्कश आवाजाचा सरकारी इशारा वाजला तो रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. ओढ्यावरचं यंत्र वाहून गेल्याला तेव्हा सव्वा तास होऊन गेला होता. पाच दिवसांनी राजे फेलिपे पायपोर्तात आले, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर चिखल फेकला. तो राग माझ्या पुरता लक्षात येतो. सकाळी साडेसातला जे माहीत होतं ते रात्री आठपर्यंत कुठे अडकून पडलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वालेन्सिया प्रदेश सरकारचे अध्यक्ष कार्लोस माझोन यांना अखेर वर्षभराने राजीनामा जाहीर करावा लागला.

याच वालेन्सियात १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये तुरिया नदीने शहर बुडवलं होतं. त्यानंतर शहराने नदीच उचलून दक्षिणेला नव्या पात्रात नेली. जुन्या पात्रात आता मैलोनमैल लांबीची बाग आहे. २०२४ मध्ये त्या कामाचं सार्थक झालं, शहराचा मध्यभाग कोरडा राहिला. पायपोर्ता नव्या पात्राच्या पलीकडे पडतं. मधल्या काही दशकांत त्या सखल भागात घरं वाढत गेली, तळघरात वाहनतळ असलेल्या इमारती उभ्या राहिल्या, आणि पोयो तिथेच होता, बहुतेक दिवस कोरडा.

उष्णतेचंही असंच होतं. कॅनडातल्या लिटन या गावी २९ जून २०२१ ला तापमान ४९.६ अंशांवर गेलं. तोवर कॅनडाचा विक्रम ४५ अंशांचा होता आणि तो १९३७ पासून टिकून होता. विक्रम मोडतात ते अर्ध्या-पाऊण अंशाने. इथे साडेचार अंशांहून जास्त फरकाने मोडला. दुसऱ्याच दिवशी वणव्यात ते गाव जळालं. सगळ्या बातम्या लिटनच्या आकड्याभोवती फिरल्या, तेही साहजिक आहे. पण ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्या लाटेने ६१९ माणसांचा जीव घेतला, आणि त्यांतली जवळपास सगळी घरात गेली. बहुतेक जण वयस्कर, निम्म्याहून जास्त एकटे राहणारे, घरात वातानुकूलन नसलेले. तापमान मोजलं जातं ते पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, खेळत्या हवेत. त्या माणसांच्या खोलीत किती अंश होते, ते हवामानाच्या नोंदवहीत नाही.

माझं म्हणणं एवढ्याशीच येऊन थांबतं. आपण हवामान मोजतो एका जागी, आणि माणूस असतो दुसरीकडे. पाऊस आणि उष्मा सरासरीच्या आसपास होते तोवर या दोन जागांमधलं अंतर खपून जात होतं. आता ते जिवावर बेततं आहे.

मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याच्या मापकात पाऊणशेच्या आतबाहेर होता. एकच शहर, एकच दिवस. कुलाब्याच्या आकड्यावरून सांताक्रूझजवळच्या कलिन्यात काय चाललंय, ते कोणाला कळलं असतं? त्यानंतर मुंबईत ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि त्याचा खरोखर उपयोग झाला आहे. शहराबाहेर मात्र आजही चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळाच्या मापकावर. एका मंडळात कितीतरी गावं येतात. मापक एका गावात, ढग फुटतो दुसऱ्यावर, आणि बांध फुटतात तिसऱ्याच गावचे. पंचनाम्याच्या वेळी शेतकरी वाहून गेलेली माती दाखवतो आणि त्याला मापकातला आकडा दाखवला जातो. ६५ च्या निकषाबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या जोडीला तासागणिक पडलेला पाऊस आणि ओढ्याला आलेलं पाणी मोजलं गेलं पाहिजे, आणि ते खालच्या गावाला त्याच घटकेला कळलं पाहिजे. आज हे यंत्राने होऊ शकतं. पैसे लागतील, पण एका पुराच्या भरपाईपुढे ते किरकोळ आहेत.

गेल्या पावसाळ्यात एका वाचकाचा फोन आला होता. ओढ्याकाठी त्यांची तीन एकर आहे. म्हणाले, "आमच्याकडे पाऊस विशेष नव्हता हो. वरच्या अंगाला झाला आणि रात्रीत सोयाबीन गेलं." जनावरं वाचली का, विचारलं. वाचली होती. त्यांचे साडू ओढ्याच्या वरच्या बाजूला सात-आठ किलोमीटरवर राहतात. रात्री अकराच्या सुमाराला त्यांनी फोन केला आणि एवढंच म्हणाले, "पाणी निघालंय, गुरं सोडा." गावात अजून चार जणांना उठवून सगळ्यांनी मिळून दावी सोडली. पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा गोठे रिकामे होते.