माइक एक, वादक पाच

हल्ली गाण्याचं ध्वनिमुद्रण कसं होतं? तबलजी सोमवारी येऊन वाजवून जातो, बासरीवाला बुधवारी, गायक शुक्रवारी. एकमेकांचं तोंडही न पाहता तिघांचं गाणं तयार! चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा घ्यायचा. सोय मोठी आहे, नाही कोण म्हणतो? पण अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताची रीत याच्या अगदी उलट.

केंटकीच्या बिल मन्रो यांनी १९४० च्या दशकात घडवलेलं हे संगीत. गिटार, मेंडोलिन, व्हायोलिन, उभा बास आणि बेंजो. (गणपतीच्या मिरवणुकीतला आपला पट्ट्यांचा बेंजो निराळा, हा चामड्याचा पडदा ताणलेला, तारा छेडून वाजवायचा.) विजेवर चालणारं एकही वाद्य नाही. त्या काळी रेडिओवर आणि रंगमंचावर अशा ताफ्याच्या वाट्याला बहुधा एकच माइक यायचा. मग पाचजणांनी करायचं काय?

करायचं ते पायांनी. गाणारा माइकपाशी. त्याची ओळ संपली की तो बाजूला सरकणार आणि त्याच क्षणी बेंजोवाला पुढे घुसणार. आपला तुकडा वाजवून तो मागे फिरतो, तोवर व्हायोलिन आलेलंच! गिटारच्या दांड्या एकमेकींवर आपटत कशा नाहीत, याचं नवल वाटतं. ध्वनीचा हिशेब सरळ आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे पाऊलभर मागे-पुढे होणं हेच इथलं आवाज कमी-जास्त करायचं बटण. ते तंत्रज्ञाच्या हातात नाही, वादकाच्या पायात आहे. एकाला पुढे यायचं तर दुसऱ्यानं जागा सोडायलाच हवी. आणि एक चुकला की पाचही जणांनी पहिल्यापासून वाजवायचं.

पुढे प्रत्येकाला स्वतंत्र माइक मिळाला आणि ही कसरत मागे पडली. तरीही १९९० च्या दशकात मन्रो यांचेच जुने साथीदार डेल मॅकोरी आपल्या मुलांसह मुद्दाम एका माइकभोवती उभे राहिले. बघणाऱ्यांना त्यात नाच दिसला. मला विचाराल तर तो शिष्टाचार होता.

आपल्याकडेही हे घडलंय. १९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' आठवा. सुरुवातीच्या ओळी दुरून आल्यासारख्या वाटायला हव्या होत्या. लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या!

तुमच्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर करायचंय? मग पंखा बंद करा, जमिनीवर सतरंजी अंथरा. मोबाइल हातात धरू नका, छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा. गाणारी बाई सर्वांत जवळ, साधारण हातभर अंतरावर. पेटी तिच्या मागे, तबला आणखी मागे आणि टाळ थेट भिंतीशी, कारण टाळ सगळ्यांना गिळतात. एक कडवं घ्या, कानाला हेडफोन लावून ऐका आणि मग मोबाइल न हलवता माणसं हलवा. टाळवाल्या काकूंना मागे जायला कोण सांगणार, ते मात्र मंडळानं आपसात ठरवावं.