कर्नल जुनं झालं, आता ते बदलणार कोण?

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि कर्नल व्हर्जन बघा. आकडा ४.१४, ४.१९ किंवा ५.४ ने सुरू होतोय? मूळ लिनक्स प्रोजेक्टने या शाखांचा सपोर्ट अनुक्रमे जानेवारी २०२४, डिसेंबर २०२४ आणि डिसेंबर २०२५ मध्ये थांबवला. लगेच घाबरू नका, फोन कंपनी सिक्युरिटी पॅच स्वतः लावू शकते. पण कंपनीनेही हात वर केले तर?

मुदत का कमी झाली?

कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि अ‍ॅप्स यांच्यामधला थर. वरच्या तिन्ही शाखांना साधारण सहा वर्षं सपोर्ट मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनमधल्या बिलबाओच्या परिषदेत जोनाथन कॉर्बेट यांनी सांगितलं की पुढच्या शाखांसाठी ही मुदत दोन वर्षांवर येईल. गरज दिसली तर ती वाढू शकते. कारण साधं आहे: जुन्या शाखा वापरणारे कमी आणि सांभाळणारे त्याहून कमी. राउटर, कॅमेरे, टीव्ही बॉक्स मात्र घरात वर्षानुवर्षं चालतात.

स्वतः कर्नल बनवता येतं का?

रास्पबेरी पाय ४ वर नक्की येतं. सोर्स गिटहबवर आहे. लॅपटॉपवर क्रॉस-कंपायलर टाका, म्हणजे लॅपटॉप पायच्या एआरएम प्रोसेसरसाठी कोड तयार करतो. पायवरही कंपाइल होतं, फक्त वेळ बराच जातो. पायसाठी दिलेलं तयार कॉन्फिगरेशन घ्या, नको ते ड्रायव्हर काढा, 'मेक' चालवा. मग कर्नल इमेज, मॉड्यूल्स आणि हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्री फाइल्स एसडी कार्डवर कॉपी करा. नव्या इमेजला वेगळं नाव द्या आणि जुनी ठेवा. बूट झालं नाही, तर कार्ड लॅपटॉपला लावून कॉन्फिग फाइलमध्ये जुनं नाव टाकलं की झालं.

मग फोनवर अडतं कुठे?

लिनक्सचं लायसन्स जीपीएल व्हर्जन २ आहे. डिव्हाइस विकणाऱ्या कंपनीला त्यातल्या कर्नलचा सोर्स द्यावा लागतो. अनेक कंपन्या तो उशिरा किंवा अर्धवट देतात. पण खरी मेख पुढे आहे. बूटलोडर लॉक असेल, तर कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय कर्नल सुरूच होत नाही, आणि ती सही करण्याची किल्ली द्यायची सक्ती व्हर्जन २ मध्ये स्पष्टपणे नाही. घरगुती उपकरणांसाठी ती व्हर्जन ३ मध्ये आली, पण लिनसने कर्नल व्हर्जन २ वरच ठेवलं. म्हणजे कोड तुमच्या हातात, पण दरवाजा बंद.

म्हणून पुढचा फोन किंवा राउटर घेताना रॅम आणि मेगापिक्सेलसोबत तीन गोष्टी तपासा: बूटलोडर अधिकृतपणे अनलॉक होतो का, कर्नल सोर्स उपलब्ध आहे का, आणि लिनिएजओएस किंवा ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत ते मॉडेल आहे का. तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर कंपनीचं शेवटचं अपडेट हेच तुमच्यासाठीही शेवटचं.