'कमी लेखणे' : कर्ता कोण?



'लेखणे' हे क्रियापद मुळात हिशेबाचे. लेखणे म्हणजे मोजणे, गणतीत धरणे. लेखाजोखा, लेखापाल हे शब्द त्याच घरातले. म्हणून कुणी आपल्याला 'कमी लेखतो' तेव्हा आपले मन दुखावते हे खरे असले, तरी त्याच्या आधी वहीत आपल्या नावापुढे चुकीचा आकडा मांडला गेलेला असतो.

गटांच्या बैठकांत मी हल्ली एक साधा खेळ घेते. 'कमी लेखणे' या क्रियापदाचा वाक्यात उपयोग करा, अगदी शाळेतल्यासारखा. पहिल्या फेरीतली वाक्ये बहुतेक एकाच साच्यातली असतात. "आम्हाला घरात कमी लेखलं जातं." "बाईला सगळीकडेच कमी लेखतात." क्रियापद आहे, कर्म आहे, कर्ता बेपत्ता! पाऊस पडावा तसे हे आपोआप घडते जणू. दुसऱ्या फेरीत मी कर्ता सक्तीचा करते. मराठीत अशा सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ सांगायचा तर कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लावावा लागतो : नवऱ्याने, सासूबाईंनी, मुकादमाने. एवढेसे अक्षर, पण ते उच्चारताना बायका दाराकडे बघतात. आधी हसू, मग शांतता, आणि मग एकेक वाक्य बाहेर येते. "मजुरीचा हिशेब विचारला तर मुकादमाने सांगितलं, नवऱ्याला पाठव." "जमिनीच्या कागदावर सही घेताना दिराने कागद वाचूही दिला नाही." "दहावीतल्या मुलाने म्हटलं, आई, तू राहू दे, तुला नाही कळायचं." या शेवटच्या वाक्याला सगळ्या खोलीची मान हलते.

तिसऱ्या प्रकारचे वाक्य न मागता येते : "आम्हीच स्वतःला कमी लेखतो." व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांनी हे वाक्य गावोगाव पोहोचवले आहे. मला ते मुळीच आवडत नाही. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ते फार सोयीचे आहे. कर्ताही बाई, कर्मही बाई, बाकी सगळे निर्दोष! आत्मविश्वास वाढवायचा, आरशासमोर उभे राहून बोलायचे, की झाले. मजुरीचा दर मात्र तिथेच.

कमी लेखायला दर वेळी शिवी लागत नाही. 'काय करता?' या प्रश्नाला 'काही नाही, घरीच असते' हे उत्तर आपण रोज ऐकतो. 'आमचे हे मला घरात मदत करतात' असे कौतुकाने सांगितले जाते, म्हणजे काम तिचे हे गृहीत. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरचे बिनमोबदला काम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे दिसले. पुरुषांपैकी जे हे काम करतात त्यांचा ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तास, आणि उत्तर 'काही नाही'. हा हिशेब सरकारी वहीतही तसाच होता. जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासोबत अनुत्पादक गटात बसवले होते, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अपघात-भरपाईच्या एका निकालात कडक ताशेरे ओढले. घरातली बाई अपघातात गेल्यावर तिच्या कामाची किंमत काढायची वेळ आली, तेव्हा कुठे ते काम आहे हे दिसले.

'मानधन' हा शब्दही तपासून बघा. ऐकायला वेतनापेक्षा मोठा, हातात पडताना लहान. अंगणवाडीतल्या बाईला सेविका म्हणायचे, आशाताईंना स्वयंसेविका म्हणायचे. सेवा म्हटली की पगार मागणे अशोभनीय ठरते. अंगणवाडीच्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ऐकण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले, तेही सर्वोच्च न्यायालयातून.

आणि काही ठिकाणी तर हे क्रियापद मुलीचे नावच होऊन बसते. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलली गेली. हजेरीच्या वेळी रोज वर्गात मोठ्याने पुकारले जाणारे नाव होते ते.

आता कामाचे बोलू. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ ही हिंसा मानली आहे. अपमान, टिंगल, नावे ठेवणे, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणे, हे सगळे त्यात येते. संरक्षण अधिकारी जो घटना-अहवाल भरतात त्यात तुच्छ लेखणाऱ्या, मानहानी करणाऱ्या बोलण्यासाठी स्वतंत्र नोंद आहे. तरीही आपल्या केंद्रांतून जाणारे अर्ज बघते तेव्हा तिथे एकच ओळ असते : "सासरी मला कमी लेखले जाते." पुन्हा कर्ता गायब! समोरचा वकील दोन मिनिटांत ही ओळ झटकून टाकतो. अहवालात तारीख, वेळ, जागा आणि हिंसा करणाऱ्याचे नाव विचारलेले असते, ते उगाच नाही. कोण बोलले, काय बोलले, कोणासमोर बोलले, हे तिच्या बोलीत, तिच्या शब्दांत जसेच्या तसे उतरवून घ्या. आपली शुद्ध भाषा तिथे घालू नका. 'अपमानास्पद वक्तव्य केले' यापेक्षा 'वांझोटी कुठली, हळदीकुंकवाला पुढे येऊ नकोस, असे नणंदेने सर्वांसमोर म्हटले' हे वाक्य न्यायाधीशाला जास्त सांगते. बाईला ते उच्चारणे जड जाते; तिला वेळ द्या, चहा द्या, पण तिच्या वतीने ते गाळू नका.

आपल्या संघटनांची वहीही अधूनमधून उघडायला हवी. वस्तीत राहून काम करणारी कार्यकर्ती आणि पदवी घेऊन आलेली समन्वयक यांच्यात माइक कोणाकडे जातो, सतरंज्या कोण उचलते? अहवालावर नाव कोणाचे छापले जाते? आमच्या संपादक मंडळात यावर चांगलीच गरमागरमी झाली आणि ती संपलेली नाही. पुढच्या अंकात दोन्ही बाजू छापणार आहोत.

तोपर्यंत तुमच्या गटात हा खेळ घ्या. वाक्ये लिहून पाठवा, कर्त्यासह. नावे अर्थातच बदलून छापू, पण नाते बदलणार नाही : मुलगा असेल तर मुलगा, साहेब असेल तर साहेब. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वाक्ये दुसरीने लिहून घ्यावीत, आणि पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवावीत.